ओरल-बी प्रो 2: खरी किंमत लाल दिव्याची

हा चार्जिंगचा ब्रश हातात आला की पहिल्याच दिवशी बहुतेक जण एक चूक करतात. बटण दाबतात आणि पातेलं घासावं तसे दातांवर आडवे तुटून पडतात. याचं गोल डोकं स्वतःच इकडून तिकडे वळत असतं. आपण फक्त ते एका दातावरून उचलून दुसऱ्यावर टेकवायचं.

ब्रश ओला करा, वाटाण्याएवढी पेस्ट घ्या आणि तोंडात धरूनच बटण दाबा. आधी दाबलंत तर पेस्ट आरशावर. शेवटच्या दाढेपासून निघायचं: बाहेरची बाजू, जिभेकडची, मग चावायची. केसांची टोकं हिरडीच्या कडेला लागली पाहिजेत, कारण कीटण तिथेच धरतं. दर 30 सेकंदांनी ब्रश क्षणभर अडखळतो. मग जबड्याच्या पुढच्या पाव भागाकडे वळायचं. एकूण 2 मिनिटं. 28 दात धरले तर तिन्ही बाजू मिळून एका दाताच्या वाट्याला जेमतेम 4 सेकंद येतात, त्यामुळे यात काटछाट नको.

छोट्या डोक्याचा खरा फायदा खालच्या पुढच्या दातांच्या मागे कळतो. जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तिथेच येते, म्हणून कीटण तिथे लवकर दगडासारखं होतं. साध्या ब्रशचं लांब डोकं तिथे आडवं बसतच नाही. वरच्या अक्कलदाढेशी मात्र आ वासू नका. तोंड अर्धवट मिटलं की गाल सैल पडतो आणि डोक्याला जागा मिळते.

आता लाल दिवा. दाब जास्त झाला की तो लागतो, आणि रेटून घासायची सवय असलेल्यांना पहिला आठवडाभर तो सारखा दिसेल. वर्षानुवर्षं रेटून घासलं की हिरडी मागे सरकते, दाताच्या मुळाशी खाच पडते आणि गार पाणी झोंबायला लागतं. दांडा मुठीत न धरता बोटांच्या टोकांनी धरला की दिवा आपोआप कमी लागतो. पण ब्रश चुकीच्या जागी फिरतोय हे तो सांगत नाही.

कुरबुरी दोन. डोकं काढून बघा: दांड्याच्या टोकाशी पांढरट-करडा चिकट गाळ साचलेला असतो. आठवड्यातून एकदा तो धुवा. दुसरी म्हणजे डोकी. रंगीत केस फिके पडले, किंवा 3 महिने झाले, की नवं डोकं. पुढचा सगळा खर्च हाच.

ज्यांचा हात हलका आहे त्यांना साधा मऊ ब्रश पुरेसा आहे. केस हिरडीकडे 45 अंशांत तिरके टेकवायचे, दोन-तीन दातांवर जागच्या जागी बारीक थरथरवायचे, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे ओढून घ्यायचे. हीच सुधारित बास पद्धत. चार्जिंगच्या ब्रशने ही थरथर करू नका, घर्षण उगाच वाढतं. संधिवाताची बोटं, तारा लावलेले दात, रेटून घासणारे हात यांच्यासाठी मात्र हा ब्रश घ्यावाच.

दातांच्या फटी दोन्ही ब्रशना जमत नाहीत, तिथे फ्लॉसचा दोराच. रात्री घासून झाल्यावर नुसतं थुंका, खळखळून चूळ भरू नका. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहू द्या.

घरात दोघांसाठी दोन दांडे नकोत. डोक्यांच्या बुडाशी वेगवेगळ्या रंगांची कडी असतात, रंग वाटून घ्या.