शिराझहून एकच दिवस: पर्सेपोलिस की पासारगाद?

भाचीचा प्रश्न होता, इराणमध्ये शिराझला हाताशी एक दिवस आहे, प्राचीन पर्शियन साम्राज्याच्या या दोन जागांपैकी कुठे जाऊ?

अंतर बघ. पर्सेपोलिस साधारण ६० किलोमीटर, आणि तिथून नक्श-ए-रुस्तम, म्हणजे राजांच्या कबरींचा कडा, अगदी जवळ. पासारगाद याच्या दुप्पट लांब, म्हणजे गाडीचं भाडंही वाढणार.

बघायला काय, तर पर्सेपोलिस खूपच भरगच्च. पर्शियन सम्राट दारयवुश पहिला याने इ.स.पू. ५१८च्या सुमारास उभारायला घेतलेलं आणि इ.स.पू. ३३०मध्ये सिकंदराच्या सैन्याने जाळलेलं हे नगर. अपदाना म्हणजे दरबाराच्या भव्य दालनाच्या पूर्वेकडच्या जिन्यावर नजराणे आणणारी २३ शिष्टमंडळं कोरली आहेत. त्यात सिंधूकाठची माणसं शोध: बहुतेक जण अनवाणी, धोतरासारखं वस्त्र आणि एकाच्या खांद्यावर चक्क कावड! अडीच हजार वर्षांपूर्वीची ती कावड ओळखायला आपल्याला वाटाड्या लागत नाही. नक्श-ए-रुस्तमला कड्यात उंचावर क्रूसाच्या आकाराच्या चार राजकबरी आहेत. दारयवुशची तेवढी शिलालेखामुळे निश्चित.

पासारगादला अवशेष विरळ. सायरसची कबर मात्र सहा पायऱ्यांवर साधं दगडी घर ठेवावं तशी, एकटी. आत काही नाही. तरी एवढ्या मोठ्या पर्शियन साम्राज्याच्या संस्थापकासाठी इतकं साधं बांधकाम बघून मला भरून येतं. राजबागेचे दगडी पाटही अजून दिसतात.

सावली दोन्हीकडे कमीच. सकाळी लवकर निघ.

पहिलीच खेप असेल, कोरीवकामाची ओढ असेल, सोबत मुलं असतील तर पर्सेपोलिस आणि नक्श-ए-रुस्तम. ते आधी पाहिलं असेल किंवा शांतपणे बसायचं असेल तर पासारगाद.