मिस्टिंग पंप, आठ महिने: नोझल गळतं म्हणजे गळतंच

जानेवारीत बेडकांच्या टाकीत पाण्याचा बारीक फवारा मारणारा हा पंप घेतला तेव्हा पहिले तीन महिने मी भेटेल त्याला सांगत होतो, घ्या म्हणून. सकाळी 7 आणि संध्याकाळी 7, 40-40 सेकंद. संध्याकाळच्या फवाऱ्याला माझे दोन्ही पाळीव व्हाइट्स ट्री फ्रॉग (झाडावर राहणारे बेडूक) डोळे उघडून पानावर पोट टेकून बसायचे. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीनं ओढून घेतो, त्यामुळे ते बसणं बघून जीव सुखावायचा.

एप्रिलमध्ये नोझल, म्हणजे फवारा सोडणारं टोक, गळायला लागलं. पंप बंद झाला तरी चार-चार सेकंदांनी एक थेंब, तासभर, एकाच जागी. पंधरा दिवसांत तिथलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) काळं पडलं, टाकीला गटारासारखा वास सुटला, फर्न मुळातून कुजलं. एका बेडकाचं पोट लालसर दिसल्यावर माझा धीरच सुटला. दोघांना ओल्या टिश्यूवर प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं, टिश्यू रोज बदलत, दहा दिवस.

विक्रेता म्हणाला, “पाणी खराब आहे, वॉरंटीत बसत नाही.” तीन आठवडे भांडलो. शेवटी 280 रुपये भरून नवं नोझल मागवलं. तेही पाच आठवड्यांत गळलं! तेव्हा उघडून बघितलं. आत स्प्रिंग आणि रबराचा छोटा गोळा, त्यावर खसखशीएवढा पांढरा खडा अडकलेला. आमच्या बोअरच्या पाण्याची बादली आतून अशीच पांढरी होते. क्षारामुळे झडप पुरती मिटत नव्हती. दोष पाण्याचाच होता हे मी मान्य करतो. पण डब्यावर “बोअरचं पाणी घालू नका” एवढी एक ओळ छापायला काय जात होतं? राग अजून गेलेला नाही.

दोन्ही नोझलं रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली. जूनमध्ये बेळगावचा पाऊस लागला तसं पन्हाळीखाली पिंप लावलं. पहिल्या दोन सरींचं पाणी सोडून दिलं, पुढचं फडक्यातून गाळून झाकून ठेवलं. रोज पाव लिटर लागतं, म्हणजे 100 लिटरचं एक पिंप वर्षभर पुरतं. आरओच्या कॅनचा खर्च वाचला, आणि जूनपासून एक थेंबही गळला नाही. बेडकांच्या भांड्यात मात्र नळाचंच पाणी, क्लोरिन घालवणारं अँटी-क्लोरिन घालून.

आणखी एक मत बदललं. हे बेडूक मूळचे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचे, कायम चिंब राहणं त्यांना मानवत नाही. इथं पावसाळ्यात घरातली भिंतसुद्धा ओली असते, तेव्हा मी सकाळचा फवारा बंदच केला आणि झाकणाची जाळी मोकळी ठेवली. वास गेला, नवं फर्न धरलं.

शेजारचे काका विचारतात, “काय ओ, शेतात एवढं बेडूक असताना विकत कशाला आणला?” शेतातले शेतातच राहू देत. त्यांना घरी आणायचं नाही, आणि टाकीतलं पाणीही शेतात ओतायचं नाही. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो.

पंप स्वतः चांगला आहे, आवाज कमी. घेणार असाल तर आधी आपली बादली आतून बघा, आणि दोन नोझलं जादा मागून घ्या.