मूडल: चाचणीपासून अभ्यासक्रम बांधायचा असेल तर

प्राथमिक संख्याशास्त्राचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी मूडल या अभ्यासक्रम चालवण्याच्या प्रणालीवर तयार केला आणि त्याच्या तीन तुकड्या पूर्ण झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. पहिल्या तुकडीनंतर लगेच लिहिले असते तर मत बरेच वेगळे झाले असते, कारण मूडलचे खरे मोल पहिली तुकडी संपल्यावर कळू लागते.

मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती २००२ साली आली. ती मुक्त स्रोत, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेली, असल्यामुळे स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. याआधी एका सशुल्क सेवेवर मी असाच अभ्यासक्रम केला होता. त्या सेवेची पाने देखणी होती, पण प्रश्न बाहेर काढण्याची सोय नव्हती, आणि सेवा सोडताना सगळे प्रश्न मला पुन्हा टंकावे लागले. मूडलमध्ये संपूर्ण अभ्यासक्रमाचा बॅकअप एका फायलीत उतरतो. शिवाय ‘गिफ्ट’ नावाच्या स्वरूपात साध्या मजकुराच्या फायलीत प्रश्न लिहून ते एकदम आत घेता येतात: बरोबर उत्तरापुढे बरोबरीचे चिन्ह, चुकीच्या उत्तरापुढे तरंगचिन्ह (~) आणि हॅशनंतर (#) त्या उत्तराचा खुलासा. एकदा हात बसला की तासाभरात एका घटकाचे प्रश्न लिहून होतात.

प्रत्येक पर्यायाला वेगळा खुलासा देण्याची ही सोय मला संपूर्ण प्रणालीत सर्वांत मोलाची वाटते. माझ्या अभ्यासक्रमातील एक प्रश्न असा होता: ३, ३८, ४, २, ३ या संख्यांचा मध्यक काढा. पर्याय होते ३, ४, १० आणि ३६. संख्या चढत्या क्रमाने न लावता जो मधली संख्या उचलतो त्याचे उत्तर ४ येते, जो मध्य, म्हणजे सरासरी, काढतो त्याचे १०, आणि जो सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करतो त्याचे ३६. ४ निवडणाऱ्याला लगेच दिसते, ‘मधली संख्या घेतलीत हे योग्यच, पण त्याआधी संख्या कशा मांडायला हव्यात?’ आणि तो पुन्हा प्रयत्न करू शकतो. किती प्रयत्न द्यायचे आणि प्रत्येक चुकीमागे किती गुण कापायचे हे आपण ठरवतो. नुसते ‘चूक’ असे सांगणारी चाचणी आणि चूक कोठे झाली ते दाखवणारी चाचणी यांत जो फरक आहे, तो शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी जाणवतो.

हा प्रश्न मला निर्दोष वाटत होता. पहिल्या तुकडीनंतर चाचणीचा सांख्यिकी अहवाल उघडला तेव्हा मात्र त्यात दिसले की जवळपास सर्वांनी तो बरोबर सोडवला आहे आणि त्याचा भेदक निर्देशांक, म्हणजे एकूण चाचणीत पुढे असलेले व मागे असलेले विद्यार्थी यांच्यात तो प्रश्न किती फरक करतो याचे माप, शून्याच्या आसपास आहे. बराच वेळ कारण उमगेना. मग लक्षात आले की या पाच संख्यांचा मध्यक ३ आहे आणि बहुलकही ३ आहे! ज्यांना मध्यक म्हणजे सर्वाधिक वेळा येणारी संख्या असे वाटत होते, त्यांनाही पूर्ण गुण मिळत होते. दुसऱ्या तुकडीसाठी मी संख्या बदलून २, ३७, ५, ४, २ केल्या आणि पर्याय ४, ५, १० व २ ठेवले. आता प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक वेगळी समजूत आहे आणि बरोबर उत्तरापर्यंत एकच वाट जाते. हा अहवाल नसता तर सदोष प्रश्न मी वर्षानुवर्षे अभिमानाने विचारत राहिलो असतो.

‘पूर्ण झाले’ या नोंदीबाबत मात्र सावध राहावे. घटक केव्हा पूर्ण झाला असे मानायचे याचे निकष मूडल आपल्याकडून ठरवून घेते, आणि मी प्रथम ‘पान उघडले की पूर्ण’ हा निकष ठेवला. विद्यार्थ्यांनी सगळी पाने भराभर उघडली, त्यांची प्रगती शंभर टक्के दिसू लागली आणि तिसऱ्या आठवड्यातील स्वाध्यायात बहुतेक जण अडखळले. आता घटकचाचणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढचा घटक खुला होत नाही. व्हिडिओही मी तोडून लहान केले. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ सालच्या अभ्यासात व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपलीकडे जात नाही, असे आढळले होते. ते वाचूनही पहिल्या तुकडीला मी पंचवीस मिनिटांची व्याख्याने दिली, याचे वाईट वाटते.

अडचणीही आहेत. चाचणीच्या सेटिंगचे पान फार लांब आहे. विद्यार्थ्याला गुण, बरोबर उत्तर आणि खुलासा केव्हा दिसावा याचा तक्ता तर कागदावर मांडून समजून घ्यावा लागतो. सर्व्हरची देखभाल ज्यांना जमत नाही त्यांनी जाणकार माणूस सोबत घ्यावा, कारण ठरावीक वेळाने आपोआप चालणारे क्रॉनचे काम थांबले तर सूचनांचे ईमेल जाणेही थांबते. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे काम तपासण्यासाठी असलेली कार्यशाळा ही सोय उत्तम आहे, पण तिचे पाच टप्पे तुकडीला आधी नीट समजावून सांगावे लागतात.

जे कोणी मूडल वापरायला घेतील त्यांनी सुरुवातीलाच विद्यार्थ्याचे एक वेगळे खाते काढावे. शिक्षकाच्या खात्यातून भूमिका बदलून पाहता येते, पण त्यात प्रगतीची नोंद आणि बंद घटक खुले होणे यांची खरी पारख होत नाही. त्या खात्यातून मी प्रत्येक तुकडीआधी संपूर्ण अभ्यासक्रम स्वतः सोडवतो, आणि काही उत्तरे मुद्दाम चुकवतो, कारण खुलासे चुकल्याशिवाय वाचायला मिळत नाहीत.