सोलर कोल्ड रूम: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

आमच्या यावल तालुक्यातल्या शेतकरी गटाने ५ टनांची सोलर कोल्ड रूम घेतली, त्याला आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही होऊन गेले. बघायला येणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो, "भाऊ, माल महिनाभर ठेवून भाव वाढल्यावर विकता येतो का?" नाही येत. भाजीपाल्यात तो हिशेब डोक्यातून काढून टाका. ही खोली तुम्हाला एक रात्र मिळवून देते, फार तर तीन-चार दिवस. पण खान्देशातल्या मे महिन्यात एक रात्र फार मोठी असते.

पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी तोडलेल्या भरताच्या वांग्यांच्या कॅरेटमध्ये हात घाला, आतून वाफ लागते. तोडलेला माल श्वास घेतच असतो आणि तापमान १० अंशांनी वाढलं की तो वेग दुपटी-तिपटीने वाढतो. ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली वांगी सकाळी हर्रासला (लिलावाला) जाईपर्यंत देठ सुकलेली असायची, आणि व्यापारी आधी देठच बघतो. आता पहाटे तोडणी, सावलीत निवड, ऊन चढायच्या आत माल खोलीत. दुसऱ्या दिवशीही देठ हिरवा, साल ताणलेली. मुख्य म्हणजे "आज आवक फार आहे" असं ऐकल्यावर पडत्या भावात देण्याची सक्ती राहिली नाही. उरलेला माल परत आणता येतो. पूर्वी न विकलेली कोथिंबीर गुरांपुढे जायची.

आता अडचण. खोली एक, तापमान एक. मेथी-कोथिंबिरीला ० ते ४ अंश लागतात. वांगं १० च्या खाली राहिलं की सालीवर खड्डे पडतात, आतलं बी तपकिरी होतं. केळी १३ च्या खाली गेली की साल काळवंडते, मग ती नीट पिकतच नाही. शिवाय पिकत्या केळीतून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारची पालेभाजी पिवळी पडते. म्हणून कोणत्या आठवड्यात कोणता माल, हे आमच्याकडे दारावर लिहिलेलं असतं. चावी गटातल्या मावशींकडे आहे. दार उघडं राहिलं की त्या कुणाचीच गय करत नाहीत, आणि तेच बरोबर आहे, कारण दारातून गेलेला गारवा भरून यायला वेळ लागतो.

आमच्या खोलीत बॅटरीऐवजी थंडी साठवणाऱ्या प्लेट आहेत. दिवसा त्या गोठतात, रात्री त्यांच्यावर भागतं. मे महिन्यात ऊन भरपूर, पण पॅनल तापले की वीज कमी देतात, त्यात धूळ. पॅनल पहाटेच धुवावेत. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. श्रावणात सलग ढगाळ दिवस आले तेव्हा मात्र महावितरणची लाईन जोडलेली होती म्हणून निभावलं. नुसत्या सोलरवर विसंबू नका.

सर्वात जास्त मनस्ताप दुरुस्तीचा झाला. कंट्रोलर, म्हणजे यंत्रणा चालू-बंद करणारा भाग, बंद पडला आणि माणूस येईपर्यंत आतला सगळा माल मिळेल त्या भावाने काढावा लागला. किती दिवसांत माणूस येणार आणि सुटे भाग कुठे मिळणार, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. कर्ज काढणार असाल तर कृषी पायाभूत सुविधा निधीबद्दल बँकेत नक्की विचारा. २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षं व्याजात ३ टक्के सवलत मिळते. आणि जमलं तर सुरुवातीलाच मध्ये इन्सुलेटेड भिंत घालून दोन कप्पे करून घ्या, दोन्हींचं तापमान वेगळं ठेवता येईल असे. आम्ही आता त्याचंच कोटेशन मागवलं आहे.