उद्देशिकेची फ्रेम घेताय? आधी तारीख वाचा

म्हापशाच्या बाजारातल्या एका फ्रेमवाल्याकडे संविधानाची उद्देशिका दोन प्रकारांत मिळते: मूळ इंग्रजी हस्तलिखित पानाची प्रत आणि मराठी मजकुराची. दोन्ही ए३ आकारात.

इंग्रजी प्रत झकास. प्रेम बिहारी नारायण रायजादांचं अक्षर ठसठशीत उमटलंय, काठाची नक्षी कुठे पुसट नाही. खाली उजव्या कोपऱ्यात चित्रकार राममनोहर सिन्हांची ‘राम’ अशी छोटी सही शोधा. कडा जास्त कापल्या की आधी तीच जाते. इथे शाबूत आहे. ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द दिसणार नाहीत, पण ती छपाईची चूक नव्हे. ते १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आले, ‘एकात्मता’ही तेव्हाचीच.

घोळ आहे तो मराठी प्रतीत. नक्षी १९४९ ची आणि मजकूर १९७६ नंतरचा, हे एक वेळ चालवून घेऊ. पण शेवटी चक्क ‘सव्वीस जानेवारी, १९५०’ छापलंय! तिथे ‘सव्वीस नोव्हेंबर, १९४९’च हवं. संविधानसभेने संविधान अंगीकारलं त्या दिवशी; सदस्यांच्या सह्या झाल्या २४ जानेवारी १९५० ला आणि संपूर्ण अंमल २६ जानेवारीपासून. सोबतच्या पत्रकात उद्देशिका ‘सर्वांत आधी मंजूर झाली’ म्हटलंय, तेही उलटं. संमत कलमांशी मेळ बसावा म्हणून ती मुद्दाम मागे ठेवली होती, मताला आली १७ ऑक्टोबर १९४९ ला. सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ करावी ही संविधानसभेचे सदस्य ह. वि. कामत यांची सूचना तेव्हाच ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. पत्रकात अर्धं पान कोरं आहे, एवढं तरी घालायचं.

फ्रेमच्या पाठीला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड आहे. आपल्याकडच्या पावसात तो फुगतो, कागद काचेला चिकटतो आणि श्रावण सरेपर्यंत बुरशीचे ठिपके दिसू लागतात. त्याऐवजी सनबोर्ड (प्लास्टिकचा फोम बोर्ड) मागा. काच आणि कागद यांच्यामध्ये २ मिमी माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, मागच्या कडा टेपने बंद करून घ्या. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं लावली की भिंतीची ओल थेट लागत नाही. हुक पितळीच घ्या, खाऱ्या हवेत लोखंडी टिकत नाही.

तारीख दुरुस्त करून मिळते, पण पान नव्याने छापावं लागतं. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका. तेव्हा दुकान देवांच्या तसबिरींनी भरलेलं असतं.