घांघरियात एकच दिवस उरला तर व्हॅली की हेमकुंड?

जोशीमठच्या अलीकडे दरड कोसळली की प्लॅनमधला एक दिवस गेलाच समजा, आमचाही जाता जाता वाचला. तर उत्तराखंडातल्या घांघरिया या मुक्कामाच्या गावी हातात एकच दिवस असेल तर काय करायचं, फुलांची व्हॅली ऑफ फ्लॉवर्स की हेमकुंड साहिब, म्हणजे डोंगरावरच्या तळ्याकाठचा शिखांचा गुरुद्वारा? आम्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवसांत दोन्ही केलं, त्यावरून सांगतो. बाकी ज्याची त्याची आवड.

हेमकुंडला तोड नाही हे आधी मान्य करतो. सहाच किलोमीटर, पण ३,०५० मीटरवरून थेट ४,३०० च्या पुढे, त्यामुळे शेवटी शेवटी आमच्या ग्रुपमधल्या बडबड्या माणसाचीसुद्धा बोलती बंद. वर तळं, धुकं आणि लंगरची गरमागरम खिचडी. गारठलेल्या हातात चहाचा स्टीलचा ग्लास धरला ना, तो चढ वसूल! ब्रह्मकमळंही वरच्याच अंगाला, दगडांच्या आडोशाला दिसली.

पण खेचरं. अहो, अख्ख्या वाटेवर खेचरं. मागून घुंगरं वाजली की डोंगराच्या बाजूला चिकटून उभं राहायचं (दरीकडे चुकूनही नाही), ती गेली की चार पावलं टाकायची की परत घुंगरं. त्यात पाऊस, म्हणजे लीद आणि चिखल यांचा जो काला होतो त्यात बूट घोट्यापर्यंत, आणि एका खेचराने बायकोच्या पोंचोला अंग पुसलं ते वेगळंच. उतरताना लक्षात आलं की दिवसभर मी डोंगर कमी आणि स्वतःचे पाय जास्त बघितलेत.

व्हॅली १९८२ पासून नॅशनल पार्क, त्यामुळे आत खेचरं नाहीत, दुकानं नाहीत, मुक्काम नाही. चेकपोस्ट ओलांडला की नुसता पुष्पावती नदीचा आवाज. पूल, मग एक दमछाक करणारा चढ, भूर्जाची झाडं आणि मग एकदम सगळं उघडं. फक्त कासच्या पठारासारखा गालिचा डोक्यात ठेवून जाऊ नका, इथे फुलं कमरेएवढी आणि मिसळलेली, आम्ही गेलो तेव्हा गुलाबी तेरडाच जास्त, हो, आपल्या तेरड्याचाच हिमालयातला भाऊबंद. पुढे १९३९ साली इथेच पाय घसरून गेलेल्या जोन मार्गारेट लेग या वनस्पती-अभ्यासक बाईंची कबर आहे, तिथे बसून आम्ही बांधून आणलेले गार पराठे खाल्ले. पराठे न्याच, आत चहासुद्धा नाही. दुपारनंतर आत सोडत नाहीत, म्हणून सकाळी लवकर गेट गाठा.

आईबाबा बरोबर असतील आणि गुडघे कुरकुरत असतील तर मात्र हेमकुंडच करा, तिथे घोडा मिळतो, व्हॅलीत फार तर कंडी, म्हणजे माणूस पाठीवरच्या टोपलीत बसवून नेतो ती. शिवाय श्रद्धेने जाणाऱ्याला मी काय सांगणार. बूट मात्र जुनेच घाला.