बारा वर्षांच्या मुलीसाठी जगाचा इतिहास : ‘द मिस्टरी ऑफ हिस्टरी’ वापरल्यानंतर

साताऱ्यात राहणाऱ्या आमच्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबाने मुलीला घरीच शिकवायचे ठरवल्यावर गणित-विज्ञानाची सोय पाठ्यपुस्तकांवर होते, जगाच्या इतिहासाची होत नाही. राज्य मंडळाचे सातवीचे पुस्तक शिवकाळाचे आहे आणि ते आम्ही आवडीने शिकवतो. परंतु रोम, आरंभीची मंडळी (चर्च), धर्मसुधारक लूथर हे सारे सलग कोठे वाचायचे, हा प्रश्न उरतोच.

सुझन वाइज बाउअर यांचे चार खंडांचे ‘द स्टोरी ऑफ द वर्ल्ड’ आधी आणले. ते गोष्टीच्या ओघात लिहिलेले आहे, पण लहान वयासाठी. ते आता रात्री धाकटा ऐकतो. थोरलीसाठी लिंडा लकूर होबार यांचा ‘द मिस्टरी ऑफ हिस्टरी’ हा ख्रिस्ती दृष्टीचा कोर्स निवडला. त्याचेही चार खंड आहेत : उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंत पहिला, त्यानंतर मध्ययुगापर्यंत दुसरा, 1455 ते 1707 तिसरा आणि पुढचा काळ चौथा. आठवड्याच्या आरंभी छोटी पूर्वचाचणी, मग तीन पाठ, आठवणीत ठेवण्याच्या गोष्टींची कार्डे, कालरेषा, नकाशा आणि उजळणी, असा क्रम असल्यामुळे आईला रोज नवे नियोजन करावे लागत नाही, हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

अडचण पहिल्या खंडाच्या सुरुवातीलाच येते. नोहाच्या जलप्रलयानंतर लगेच हिमयुगाचा पाठ आहे, कारण पृथ्वीचे वय काही हजार वर्षेच मानणारी भूमिका लेखिकेने घेतली आहे. सगळ्याच ख्रिस्ती परंपरा तसे मानत नाहीत, आणि आमच्या घरीही मानत नाही. मुलीने विचारले, “आई, परीक्षेत यातले कोणते लिहायचे?” वयाची चौदा वर्षे झाल्यावर तिला मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक परीक्षेला बसायचे आहे आणि तेथील सामाजिक शास्त्रात जगाचा इतिहास आहे, तेव्हा हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. अश्मयुग आणि हडप्पा आम्ही पाठ्यपुस्तकातून शिकवले, उत्पत्तीचे अध्याय बायबलमधूनच वाचले आणि कोर्सचे ते पाठ लेखिकेचे मत म्हणून चर्चेला घेतले. त्यात तीन आठवडे गेले. ते वाया गेले असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाचा इतिहास. तो अमेरिकी पुस्तकाकडून अपेक्षिणेच चूक आहे. म्हणून भिंतीवरच्या कालरेषेवर आम्ही आपली कार्डे लावतो. 1616 वर फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ हे काव्य आले, 1842 वर ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक, 1894 वर मिशनरी डॉक्टर वानलेस यांचे मिरजेचे रुग्णालय. 1917 वर रशियन क्रांतीच्या शेजारी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी याच साताऱ्यात सुरू केलेला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ लागला, तेव्हा मुलगी बराच वेळ त्या दोन कार्डांसमोर उभी होती.

छापील खंड परदेशातून मागवणे महाग पडते, शिवाय आमचा एक खंड विक्रेत्याकडून कोपरे भिजलेल्या अवस्थेत आला. ज्यांना एकच खंड परवडेल त्यांनी तिसरा घ्यावा. पहिला घेणार असाल, तर त्याचे सुरुवातीचे पाठ मुलाच्या शेजारी बसून वाचावेत.